खाकी कव्हरं

बादशाहभाई तांबोळी आमच्या बावडा गावचं वाचनालय चालवायचा. सकाळी पानाचं दुकान, चारनंतर वाचनालय. माझ्यापेक्षा मोठा, पण दोस्तच. बारामतीला मराठी घेऊन बी.ए. करताना मी पुस्तकं त्याच्याकडूनच नेली.

भरलेलं कपाट त्याला सोसत नसे. येईल त्याच्या हातात काहीतरी द्यायचा. "कपाटाला वाचता येत न्हाय," म्हणायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कळलं, की वाचनालयांचं अनुदान कमी होतंय. जिथं वाचक नाहीत, तिथलं पूर्ण बंद. खोलीचं भाडं, वर्तमानपत्रं, सगळं त्याच अनुदानावर. ते गेलं की कुलूप.

बारामतीला ग्रंथालय खात्याच्या साहेबांसमोर सभा झाली. भाषणं झाली. बादशाहभाई मागून उठला.

"साहेब, आमच्याकडं वाचक न्हाईत, हे हितं बसून कसं कळलं? एकदा बावड्याला या. बघा. मग कापा."

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, सोमवारी येतो. परतताना एसटीत बादशाहभाई गाणं गुणगुणत होता.

रात्रीतून त्याला भीतीनं घेरलं. साहेब पुस्तकं मोजणार. कमी भरली तर गहाळ म्हणणार. तो घरोघर फिरला, वस्त्यांवर गेला. "साहेब येऊन गेलं की परत न्या," म्हणाला. लोकांनी एकूण एक पुस्तक आणून दिलं. सारजाक्कांचं अर्धंच वाचून झालं होतं. पानात ज्वारीचं पातं ठेवून त्यांनीही दिलं.

आम्ही दोघांनी पुस्तकं पुसली. आतली पाती, एसटीची तिकिटं, दोरे काढून टाकले. सगळ्यांना नवी खाकी कव्हरं घातली. पाहुणा यायचा म्हणून घर सारवतात, तसं.

सोमवारी वाचक अंगणात जमले. खोली लहान, साहेबांना नीट बघता यावं म्हणून बादशाहभाईनंच त्यांना बाहेर थांबवलं. गेणबा कोरा फेटा बांधून आला होता.

"काय गेणबा, सोयरीक जमवाया आलाय व्हय?" सारजाक्कांनी विचारलं.

"जमलीच तर तुलाच बोलवीन की पोळ्या लाटाया."

सगळे हसले.

साहेब आत आले. खुर्च्या रिकाम्या. कपाटं गच्च. त्यांनी एक पुस्तक काढलं, उलटसुलट केलं, ठेवलं. दुसरं काढलं.

"छान ठेवलंय. पण सगळी पुस्तकं इथंच आहेत. एकही बाहेर नाही?"

"साहेब, तुमी येणार म्हणून मागवून घेतली."

"अच्छा. आणि वाचक?"

"ते काय, बाहेर हायत."

साहेबांनी खिडकीतून फेट्याकडं पाहिलं. "तेही मागवून घेतलेत का?"

गेणबा बाहेरून ओरडला, "विचारा की साहेब, काय बी विचारा!" साहेब बाहेर येऊन थेट जीपमध्ये बसले आणि जीप निघून गेली.

साहेब पुन्हा येतील या आशेनं बादशाहभाईनं पुस्तकं तशीच कपाटात ठेवली. दिवाळीआधी अनुदान बंद झालं. बादशाहभाई पुन्हा बारामतीला गेला, दोनदा. आत कुणी घेतलं नाही. खोलीच्या मालकानं किल्ली मागितली.

शेवटच्या दिवशी मी गेलो तेव्हा तो कव्हरं काढत बसला होता. खाली हळदीची बोटं होती, कपाचे गोल डाग होते, पिठाच्या खळीनं चिकटवलेले कोपरे होते.

"हे दाखवायचं हुतं रं," तो म्हणाला. "हेच झाकलं."

मी त्याच्या शेजारी बसलो. मीही कव्हरं काढू लागलो.

सारजाक्का दारात आल्या. "बादशा, माझं द्यायचं राहिलंय."

त्यानं शोधून दिलं. त्यांनी पानं चाळली. पातं नव्हतं. कुठवर आल्या होत्या, त्यांना सापडेना.

"असू दे. पयल्यापासनं वाचते. कवा आणून देऊ?"

"आणू नका. तुमच्याकडंच ठेवा."

इतक्या वर्षांत हे तो कुणाला म्हणाला नव्हता. सारजाक्कांनी पुस्तक पदराखाली घेतलं. पायरी उतरून पुन्हा वळल्या.

"हे झाल्यावर दुसरं कुणाकडं मागू?"

बादशाहभाईनं पुढचं पुस्तक ओढलं आणि त्याचं कव्हर काढू लागला.