आधी वैदू

इस्रायलमधल्या अश्केलोनच्या घरात मी आणि माझा धाकटा भाऊ इंटरनेटवरच्या एकाच खेळात बुडालेलो असायचो. मी ढालवाली योद्धा, पुढे उभी राहून मार खाणारी. तो हीलर, मागे राहून आमच्या जखमा भरणारा. आई त्याला वैदू म्हणायची.

दुसऱ्या टोळीशी जुंपली की मी हिब्रूत किंचाळायची, "कोदेम हा-हीलर!" म्हणजे आधी त्यांच्या हीलरला मारा. तो जिवंत असेपर्यंत त्यांचं कोणी मरत नाही, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असतं. एकदा आईने अर्थ विचारला. भर लढाईत कुठे समजावत बसू, म्हणून मी फटकन सांगितलं, "आधी वैदूला वाचवा."

पुढे भाऊ सैन्यात गेला. पहिल्या मोठ्या सुट्टीत दारातच म्हणाला, "मला खोवेश केलंय." खोवेश म्हणजे तुकडीबरोबर जाऊन जखमींना मलमपट्टी करणारा सैनिक.

आईचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई," ती मला म्हणाली. "तूच ओरडायचीस ना, आधी वैदूला वाचवा म्हणून?"

बुटांच्या नाड्या सोडणारे भावाचे हात थांबले.

"हो आई," मी म्हणाले. "सगळीकडे हाच नियम असतो."