काझिमिराबाईंची पांढरी पेटी

काझिमिराबाईंनी शाळेमागच्या खांबावर पांढरी पेटी बसवून गावाची थंडी पळवून लावली, अशी बातमी जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, पठारभर झाली. बातमी खोटी. मला पक्कं ठाऊक, कारण ती उठवली मीच. बाजारात थट्टेनं बोललो होतो. घरी पोचेपर्यंत तीच बातमी मला एकानं शपथेवर सांगितली.

पेटीत असतं काय, तर थंडी, वारा आणि हवेतली ओल मोजायची यंत्रं. बाई तरुणपणी खाणकामगारांच्या रेडिओ केंद्रात झाडू मारायच्या; बघून बघून दुरुस्ती शिकल्या आणि पुढे गुरुवारच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करून पोट भरलं. आता साठी उलटल्यावर दर शनिवारी गावातल्या चौदा मुली जमवतात आणि त्यांच्या हातात पक्कड देतात. पेटी मुलींनीच जुळवलेली.

पण थंडी यायला खरंच उशीर झाला. बटाटे उघड्यावर गोठले नाहीत तर तुडवून, वाळवून त्यांचा चुन्यो करायचा कसा, आणि चुन्यो नाही तर वर्षभर रश्शात टाकायचं काय? बुधवारी गावसभेत मुखिया म्हणाला, "शनिवारपर्यंत बटाटा गोठला नाही, तर पेटी उखडायची. वर्गही बंद."

बाईंनी वर्गातल्या सोळा वर्षांच्या मारुहाकडे पाहिलं. "बोल गं."

पोरीनं पेटीच्या नोंदींची वही उघडली. "ढग सरतायत, हवा कोरडी होतेय, वारा पडतोय. उद्या बटाटे पसरा. शुक्रवारी पहाटे गोठतील."

"घ्या! आता थंडी हिला विचारून येणार!" मी म्हणालो. सभा खदखदून हसली. मारुहाची आई शाल सावरून लेकीला न्यायला उठली.

"बस गं खाली," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत ती माझी विद्यार्थिनी आहे."

निम्म्या गावानं बटाटे पसरले. मी कशाला पसरतोय!

शुक्रवारी उजाडताच मारुहानं शेतातला एक बटाटा उचलून दगडावर आपटला. टक्! दुसरा, टक्! तिची आई हसता हसता रडायलाच लागली. काझिमिराबाई टोपी काढून बांधावर मटकन बसल्या. मुखियानं पेटीच्या खांबाशी चार दगड आणून घट्ट ठोकले.

मी हळूच जवळ गेलो. "बाई, आणखी दोन दिवस टिकेल ना थंडी? माझी पोती अजून कोपऱ्यातच आहेत."

"उद्या वर्गाला ये, तेओदोरो, आणि मुलींना विचार," बाई म्हणाल्या. "बातम्या पसरवायची तुला हौस आहेच, निदान खऱ्या तरी पसरव."