दोन बोटं मोकळी

गॅरेजात माणूस गाडी घेऊन येतो आणि जाताना गाडी तेवढी नेतो. किस्सा इथंच विसरतो! जळकोटला हायवेच्या कडंला माझं गॅरेज, बाजूला रज्जाकभाईचं रेडिएटरचं दुकान आणि दोघांच्या मधे एक बाकडं. त्या बाकड्यावर इतके किस्से साठलेत की बसायला जागा न्हाय. त्यातले निम्मे एकट्या अप्पांच्या पांढऱ्या गाडीचे.

अप्पा म्हणजे गावातले जुने कापडवाले. गाडी त्यांच्या पोराच्या वयाची. पोरगा महेश पुण्यात असतो. त्यानं फोनवर साफ सांगितलं, "महिन्यानं येतोय. गाडीच्या रेडिएटरातलं पाणी परत कमी दिसलं की भंगारात!" अप्पांचा तिच्यात जीव, ते तर हायच. पण त्यांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे, डोळे दाखवायला दर पंधरा दिवसाला सोलापूर गाठावं लागतं, आणि या वयात एसटीत उभं राहून जाणं त्यांच्यानं व्हत न्हाय. मला लई वाईट वाटलं. म्या छाती ठोकून बोललो, "अप्पा, महिन्यात हिचं पाणी पिणं सोडवलं न्हाय तर गॅरेजची पाटी उतरवतो!"

रज्जाकभाई लगेच म्हणाला, "शिडी मेरे पास है."

*

गाडी पहिल्यांदा आली ती ट्रॅक्टरला बांधून. नळदुर्गच्या पुढं तापून बंद पडली होती. तिथल्या टपरीवाल्यानं सांगितलं, "रेडिएटर गळतोय, चिमूटभर हळद टाका, भोक बुजतंय." अप्पा व्यापारी माणूस, चिमटीनं देणं त्यांना ठाऊकच न्हाय. अख्खा पुडा ओतला!

रज्जाकभाईनं रेडिएटर उघडला तर सगळ्या नळ्यांत पिवळा चिखल. गळकी जागा तेवढी जशीच्या तशी. त्यानं काकूंकडं बघून विचारलं, "भाभी, हळद तो लग गई, अक्षता कब है?"

काकू पोट धरून हसल्या. अप्पा आठ दिवस रज्जाकभाईशी बोलले न्हाईत.

*

रेडिएटर धुऊन, गळक्या जागेला कथलाचा डाग देऊन बसवला. वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, तडकलेला होता, अप्पांनी त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तोही बदलला. साध्या पाण्याच्या जागी नवीन हिरवं कूलंट भरलं. मग रेडिएटरचं झाकण हातात घेतलं तर त्याचं रबर लाकडासारखं कडक.

म्हटलं, "अप्पा, झाकण बदलावं लागतंय."

"का? नीट बसतंय की!"

बसतंय, पण प्रेशर धरत न्हाय. अर्धा तास समजावलं. अप्पांचं आपलं एकच, "बसतंय की!" काकू बाकड्यावरून वैतागून म्हणाल्या, "अहो, कुकरची रिंग गेली की झाकण बसतंच की. शिटी होते का? डाळ शिजते का?"

अप्पांनी खिशातनं पैसे काढले. झाकण बदललं. त्या दिवशी म्या रज्जाकभाईला म्हटलं, या बाईला पगारावर ठेवू या.

*

आठ दिवसांनी अप्पा हजर. "शिवा, पाणी परत कमी झालंय. दोन बोटं."

माझी पाटी डोळ्यांपुढं हलायला लागली! होज बघितला, वॉटर पंप बघितला, सगळं कोरडं. इंजिनातलं हेड गॅस्केट गेलं म्हणावं तर धूर पांढरा न्हाय, ऑइल दुधासारखं झालेलं न्हाय, रेडिएटरात बुडबुडे न्हाईत. मग राहिलं कोण? म्या रज्जाकभाईवर घसरलो. "तुझाच डाग कच्चा!"

त्यानं रेडिएटर काढला, हौदात बुडवला, हवा भरली आणि शेजारी उकिडवा बसला. "एक बुडबुडा दिखा. दाढी उतारता."

एक न्हाय आला. दुपारच्याला चहा मला पाजावा लागला, वर माफी.

*

मग म्या अप्पांना घरी गाडीखाली पुठ्ठा टाकायला लावला, रोज नवा. अप्पा रोज संध्याकाळी पुठ्ठा काखेत घालून यायचे. सहा दिवस कोरडा. गावात नळ येतो त्या दिवसाचा तेवढा ओला, तोही ओव्हरफ्लोच्या पाइपाखालीच. आणि आतलं हिरवं कूलंट दर आठवड्याला फिकं पडत चाललेलं!

पुढच्या नळाच्या दिवशी सकाळीच अप्पांच्या घरी गेलो. काकूंची धावपळ चालली होती. हंडे भरले, ड्रम भरला, बादल्या, तांबे, चिमण्यांची वाटीसुद्धा काठोकाठ. मग कळशी उचलली, अंगणात आल्या, बोनेट उघडलं आणि रेडिएटर गळ्यापर्यंत भरून झाकण लावलं.

"काकू! हे काय?"

"नळ आलाय न्हवं? आठ दिवसांनी येतो. घरात मोकळं काय ठेवायचं न्हाय."

म्या कपाळावर हात मारला. "काकू, पाणी तापलं की फुगतं. या जुन्या गाडीला फुगलेलं पाणी झेलायला बाटली न्हाय. जास्तीचं पाइपातनं खाली सांडतं. दोन बोटं मोकळी ठेवायची असतात."

काकूंनी कळशी खाली ठेवली. "दोन बोटं मोकळी? नळाच्या दिवशी?"

*

फिकं कूलंट काढून दोन बोटं मोकळी ठेवून नवीन भरलं, झाकण लावून गाडीची किल्ली काकूंच्या हातात दिली. महिना भरला. महेश आला तो नेमका नळाच्या दिवशी, आणि बरोबर भंगारवाला! मी न् रज्जाकभाई बाकडं सोडून अप्पांच्या अंगणात. सकाळी काकूंनी लिंबाची काडी रेडिएटरात बुडवली, ओल जिथवर आली तिथं खाच पाडली आणि काडी पदराला बांधली. अप्पा महेशला घेऊन लोहाऱ्याला जाऊन आले. इंजिनाच्या तापाचा काटा लालाकडं सरकला न्हाय. जेवणं झाली, इंजिन गार झालं. मग महेशनं झाकण उघडलं.

"बघा! दोन बोटं कमी. म्हणलं न्हवतं?"

अप्पांचा चेहरा उतरला. भंगारवाला गाडीभोवती फिरायला लागला. काकूंनी पदराची गाठ सोडली, काडी आत घातली, बाहेर काढली आणि महेशच्या नाकासमोर धरली. ओल बरोबर खाचेपर्यंत.

"कुकर कधी गळ्यापर्यंत भरला व्हता का रे म्या?"

महेशनं झाकण परत लावलं. काकू भंगारवाल्याकडं वळल्या. त्याच्या हातातली पाण्याची रिकामी बाटली घेतली, नळाखाली धरली, पार गळ्यापर्यंत भरली, बूच लावलं आणि परत दिली.

"ही काय तापत न्हाय. न्या."