शरणप्पाचं घड्याळ

साल २००४. मी एकोणसाठ वर्षांचा होतो. शाळा दुसरीतच सुटली, पण निंबर्ग्यात पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची सर्किटं माझ्याच हातची असत. उन्हानं रेघ उठवणारा लेप दिलेली तांब्याची पाटी, तिच्यावर सर्किटच्या नकाशाची फिल्म, वर काच, आणि उन्हात ठेवायचं. तोंडातलं पान संपलं की पाटी आत. हिवाळ्यात दीड पान.

समोर पाट्यांचंच दुकान घातलेला शरणप्पा मला डोळ्यांसमोर नको असे. पुण्याच्या कारखान्यात राहून आलेला. माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही; मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोलायचा. कशालाही त्याचा एकच प्रश्न, "मोजलंय का?"

"मामा, रोजचं ऊन सारखं असतंय व्हय? उन्हासारख्या उजेडाची ट्यूब लावा."

"तुझा बाप लावायचा का रे?"

"माझा बाप पाट्या करायचा न्हाई. केल्या असत्या तर मोजून केल्या असत्या."

त्या श्रावणात आठवडाभर ऊन नाही. आळंदच्या व्यापाऱ्याला सोमवारी चाळीस पाट्या हव्या होत्या. नाहीतर काम शरणप्पाकडे जाणार. मी गुलबर्ग्याहून पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली ट्यूब आणली. शरणप्पानं ती रस्त्यातूनच ओळखली.

"मामा, ही जंतू मारायची हाय. डोळे खाईल. आन् वरच्या काचंतून हिचा उजेड उतरतच न्हाई. मिठाईवाल्याकडं माशा मारायच्या यंत्रात असती, ती घ्या."

"माशा तू मार."

दोन पानं संपली, रेघ उठेना. तीन संपली. मी वाकवाकून बघत राहिलो. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पापणी उघडेना. बायको ओरडली तसा शरणप्पा आला. वायर उपटली, माझी ट्यूब टॉवेलात गुंडाळून घेतली आणि माशांच्या यंत्राच्या दोन ट्यूबा ओट्यावर ठेवल्या.

"कामून द्यायलास?" मी विचारलं. "काम तुलाच मिळायलंय की."

"बिघडलेली पाटी मला बघवत न्हाई. कुणाची बी असू द्या."

पुढं तो पुण्याला गेला, तिकडंच वारला. आमचं कधी जमलं नाही. मेला म्हणून खोटं कशाला लिहू?

पण तो ट्यूबा ठेवून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुजल्या डोळ्यांनी, भिंत धरत रस्ता ओलांडला. उभ्या जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

"किती मिनिटं?"

पहिल्यांदाच तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"चार. घड्याळावर. पानावर न्हाई."

मी त्याच्या दारातच पान थुंकलं आणि पाट्या करायला गेलो.