नऊ दहाची पांढरी मोटार

रंकाळ्याजवळच्या थांब्यावरचे टायमकीपर आबा ‘गाडी येईल’ असं कधीच म्हणत नसत. डेपोतून निघाली असेल तर ‘सुटल्या’, नसेल तर ‘न्हाय’. प्रवाशाला आशेवर उभं ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “पावणं, चालत जावा, पोचशीला तरी,” असं ते सांगत आणि माणसं चालू लागत.

त्यांच्या पत्र्याच्या केबिनला एक फळा टांगलेला होता. आबा त्यावर खडूनं गाड्यांच्या वेळा लिहीत. मी तेव्हा, सत्तरच्या दशकात, एका स्थानिक दैनिकाचा बातमीदार होतो आणि रोज तो फळा वाचत असे, कारण रद्द फेरीपुढे आबा कारणही लिहायचे. ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच लिहावं, असा वरून हुकूम होता. आबा लिहीत, ‘टायर संपले’. साहेबांनी पुसलं की पुन्हा लिहीत, जरा मोठ्या अक्षरात.

त्या वर्षी घरफाळ्यावर, म्हणजे पालिकेच्या घरावरच्या करावर, बससाठी जादा पट्टी बसली. नव्या गाड्या येणार, असं सांगून ती वसूल झाली. आली ती एक पांढरी मोटार, बस समितीच्या अध्यक्षांसाठी. ठरावाची प्रत मी मिळवली. मोटारीचा खर्च त्याच पट्टीतून झाला होता. मी सविस्तर बातमी दिली, संपादकांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या. आबांनी त्या दोनदा वाचल्या.

“एवढंच? कागद कमी पडला व्हय?”

त्यानंतर आठवड्याभरातच नऊ दहाची फुलेवाडीची फेरी रद्द झाली. थांब्यावर गाडीच्या जागी ती पांढरी मोटार उभी होती. अध्यक्ष समोरच्या घरी चहाला गेले होते. आबांनी फळ्यावर लिहिलं, ‘९.१० फुलेवाडी : पांढरी मोटार’. मग मोटारीचं मागचं दार उघडून ते रांगेकडे वळले.

“बसा. तुमच्या फाळ्यातनं आल्या.”

रिकाम्या किटल्या घेतलेल्या दोन दूधवाल्या बाया आणि एक पेन्शनर मास्तर आत बसले. ड्रायव्हर घाबरला. “आबा, माझी नोकरी जाईल की.”

“तुझी न्हाय जात. फळ्यावर अक्षर माझं हाय.”

तेवढ्यात अध्यक्ष बाहेर आले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

“नऊ दहाची फुलेवाडी, साहेब. म्होरं एक जागा हाय.”

आतल्या बाईनं किटली मांडीवर घेतली. “हितं या की दादा, आमी सरकतो.”

रांग हसली. रांगेतले सगळे मतदार होते. अध्यक्षांनी ड्रायव्हरला ‘सोडून ये’ एवढंच सांगितलं आणि ते पायी निघाले.

संध्याकाळपर्यंत आबा निलंबित झाले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. बडतर्फ झाले तर एवढ्या नोकरीचं काहीच हाती लागणार नव्हतं. चौकशीच्या दिवशी मी दाराबाहेरच्या बाकावर होतो. चौकशी अधिकारी वाईट माणूस नव्हता. ‘गैरसमजातून घडलं’ असं लिहून द्या, ताकीद देऊन सोडतो, असं त्यानं दोनदा सुचवलं.

“समजून केलंय,” आबा म्हणाले. “तसंच लिवा.”

महिन्याभरात बडतर्फीचा कागद आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खाकीऐवजी धोतर-टोपीत थांब्यावर आले आणि रांगेत उभे राहिले. नऊ दहाची फेरी त्या दिवशीही रद्द होती. नव्या टायमकीपरनं त्यांना पाहून खुर्ची पुढे केली. “आबा, आत बसा की.”

आबा जागचे हलले नाहीत.

“नोकर हुतो तवर बेतानं बोलत हुतो. आता मी निस्ता फाळा भरणारा हाय. मला कोन काढतंय? सांगा साहेब, गाडी कुठं हाय?”

 रांगेत आबांच्या मागं उभ्या असलेल्या माणसानं तोच प्रश्न विचारला. मग त्याच्या मागच्यानं.