ओल्डरॉइडबाई आणि हजेरीचा करंडक

हेस्टर मॉड ओल्डरॉइड. जन्म हॅलिफॅक्स, ३ नोव्हेंबर १९५५. मृत्यू हार्डरबेक, १९ फेब्रुवारी २०१९. हार्डरबेक येथील सेंट ऑस्वल्ड चर्च प्राथमिक शाळेच्या त्या २००८ ते २०१७ या काळात मुख्याध्यापिका होत्या. अविवाहित. त्या संपूर्ण काळात मी शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचा चिटणीस होतो. त्यामुळे पुढील हकिकतीतील बराचसा भाग माझ्यासमोर घडलेला आहे, आणि उरलेला मला त्यांनी स्वतः सांगितलेला आहे.

त्या आल्या तेव्हा निरीक्षकांनी शाळेला 'सुधारणा आवश्यक' असा शेरा दिला होता. मुले एक्क्याण्णव, वर्ग तीन. आठ वर्षांच्या कित्येक मुलांना धड वाचता येत नव्हते, आणि मेंढ्या विण्याच्या दिवसांत निम्मे बाक रिकामे असत. बाईंनी पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, प्रत्येक मुलाने रोज कोणातरी मोठ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे. माणसे कमी पडली तेव्हा त्यांनी गावातले निवृत्त लोक बोलावले. शाळेच्या स्वयंपाकीणबाई पिकर्सगिल यांनाही सोडले नाही. दुसरी गोष्ट करंडकाची. मेंढ्यांच्या प्रदर्शनातला एक जुना चांदीचा करंडक त्यांनी घासूनपुसून घेतला. दर शुक्रवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मेणबत्ती लावून, सर्वांत जास्त हजेरी असलेल्या वर्गाला तो द्यायचा, आणि त्या वर्गाला अर्धा तास जादा खेळायला सोडायचे.

हजेरी शेकडा ब्याण्णववरून सत्त्याण्णववर गेली. मी इतिवृत्तात 'मंडळाने समाधान व्यक्त केले' असे लिहिले.

२०११ च्या मार्चमध्ये वरच्या वर्गात मेरिन सग्डेन नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील नील डोंगरउतारावरचे दगडी बांध रचण्याचे काम करीत. कर्करोगाने ते घरीच अंथरुणाला खिळले होते. एका गुरुवारी सकाळी आई लोर्ना तिला म्हणाली, "आज नको जाऊस गं. बाबांजवळ बस."

"आमच्या वर्गाचा अख्ख्या सत्रात एकही दिवस चुकलेला नाही, आई. माझ्यामुळे करंडक गेला तर सगळे कट्टी करतील."

"जाऊ दे तिला," नील म्हणाले. "दुपारी येईलच की."

साडेअकराला ते गेले. बाईंनी मेरिनला वर्गातून बोलावून घेतले आणि स्वतःच्या गाडीतून घरी सोडले.

आठवड्याची हजेरी गुरुवारी सकाळी बंद होत असे. त्यामुळे शुक्रवारी करंडक मेरिनच्याच वर्गाला मिळाला. मुलांनी आपण होऊन ठरवले की तो तिच्या घरी पाठवायचा. त्यांनी एक कार्डही रंगवले. बाईंना ती कल्पना हृद्य वाटली, आणि खरे सांगायचे तर मलाही. बाई तो करंडक घेऊन सग्डेनांच्या दारात उभ्या राहिल्या.

"हे काय आणलंत बाई?" लोर्नाने विचारले.

"मुलांनी पाठवलंय. मेरिनच्या हातात द्यावं म्हणून..."

"द्या की. तिनंच जिंकलाय." लोर्नाने करंडक उलटा करून पाहिला. "चांदीचा आहे, की नुसता मुलामा?"

मग तिने पाठीमागचे दार ओढून घेतले.

"अकरा वाजता तो तिचं नाव घेत होता," लोर्ना खालच्या आवाजात म्हणाली. "दोनदा. पोरीला हे कधी कळायला नको. तुम्ही तेवढं तोंड बंद ठेवा, म्हणजे झालं." बाईंनी तसा शब्द दिला.

पुढच्या सभेत बाईंनी राजीनामा पुढे केला. अध्यक्ष पाद्री क्रेक यांनी तो वाचलाही नाही.

"मग करंडक तरी बंद करते," बाई म्हणाल्या.

"आकडे खाली येतील, हेस्टर. निरीक्षक विचारतील."

"विचारू देत. सांगेन मी."

"काय सांगाल?"

"की आम्ही लेकरांना घरात कोणी मरत असतानाही शाळेत यायला शिकवलं."

त्यानंतरची सहा वर्षे बाईंनी शाळा करंडकाशिवाय, वेगळ्या रीतीने चालवली. उशिरा आलेल्या मुलाला फाटकावर कारण विचारायचे नाही, आधी काही खाल्ले का ते विचारायचे. घरी आजारपण असेल तर शिक्षकाने स्वतः जाऊन 'मूल घरी राहू द्या' असे सांगायचे. प्रत्येक मुलाने शाळेतले एक मोठे माणूस आपले म्हणून निवडायचे आणि मन भरून आले की त्याच्याकडे जायचे. कोणत्याही तासाला, परवानगी न मागता. मेरिनने पिकर्सगिलबाईंना निवडले. बाईंनी त्यांच्या कामाच्या वेळा अशा बदलल्या की दहाच्या सुमारास त्या मोकळ्या असाव्यात. मेरिन सोलायच्या बटाट्यांशेजारी बसे. मुख्याध्यापिकेच्या दालनासमोरून जाताना ती मान वळवीत नसे.

मोकळेपणी रडलेली, पोटभर जेवलेली मुले वाचूही चांगली लागली. २०१४ मध्ये निरीक्षकांनी 'उत्तम' असा शेरा दिला आणि मुलांच्या काळजीचा स्वतंत्र उल्लेख केला. त्या दिवशी केक आणला होता. बाईंनी आपला तुकडा तसाच बशीत ठेवला.

२०१६ मध्ये पोस्टाजवळ मेरिनने त्यांना गाठले. ती चौदा वर्षांची होती.

"बाई, त्या दिवशी बाबांनी मला हाक मारली होती का?"

बाई खोटे बोलत नसत, आणि शब्दही मोडत नसत.

"ते तू आईला विचार, बेटा."

"म्हणजे मारली होती," मेरिन म्हणाली, आणि निघून गेली. त्यानंतर ती बाईंशी कधी बोलली नाही.

बाईंच्या अंत्यविधीला लोर्ना आली. मेरिन आली नाही. मंडळाने प्रवेशद्वाराजवळ बाईंचे छायाचित्र लावण्याचा ठराव केला, तेव्हा लोर्नाने एवढेच विचारले, "मेरिनला विचारलंत का?" विचारले नव्हते. मी तिला लीड्सच्या पत्त्यावर पत्र लिहिले, सहा महिन्यांनी पुन्हा लिहिले. उत्तर आलेले नाही. छायाचित्र माझ्या कपाटात आहे, आणि दर सत्राच्या सभेत हा विषय 'प्रलंबित' म्हणून नोंदवला जातो.