फुकट धावणारा टेम्पो

आमचा टेम्पो फुकट धावतो, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पेट्रोल नाही, डिझेल नाही, नुसती लाकडं. ऐकणारा तोंडात बोट घालायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. लाकडं काही झाडावरून मुठीएवढे तुकडे होऊन पडत नव्हती. ती माझी आई तोडायची. म्हणून हे आईबद्दल लिहिते आहे. बाबांबद्दल पेपरात येऊन गेलंय.

बाबा छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे उचलून दुकानोदुकानी पोचवायचे. टेम्पो जुना, पेट्रोल ढोसणारा. कुणीतरी त्यांच्या डोक्यात हे खूळ भरवलं आणि त्यांनी टेम्पोच्या मागे एक लोखंडी पिंप बसवलं. पिंपात लाकडं भरायची, पेटवायची, पण हवा बेताचीच द्यायची. मग ती धडधडून जळत नाहीत, आतल्या आत धुमसतात आणि त्यातून वायू निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनाला द्यायचा. इंजिन चालतं. खरंच चालतं, मी नाही म्हणत नाही. गल्लीत बाबांना सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणू लागले आणि बाबांनाही ते पटलं.

ते पिंप महा नखरेल. तुकडा मोठा असला की मध्येच अडकून बसायचा. भुसा पडला की हवा कोंडायची. लाकूड ओलं असलं की काळा चिकटा सुटायचा आणि इंजिनात जाऊन बसायचा. म्हणजे सगळे तुकडे सारखे हवेत आणि खडखडीत वाळलेले हवेत. बाबा वखारीतून उरलेसुरले ओंडके आणि फळकुटं आणून अंगणात ओतायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, “हे जरा बघ गं.” त्या ‘जरा’त आईची अख्खी दुपार जायची. आधी करवत, मग कुऱ्हाड, मग उन्हात पसरणं, आभाळ आलं की धावत जाऊन झाकणं. आई शिवणकाम करायची, चांगलं करायची, पण गिऱ्हाइकांचे कपडे मशीनवर तसेच पडून राहू लागले. तिचा उजवा खांदा एवढा धरला की केस विंचरताना हात वर जायचा नाही, ती डोकंच हाताकडे वाकवायची. बाबा ते बघत समोर चहा पीत बसलेले असायचे.

मग तिचं डोकं दुखायला लागलं.

सकाळी सुरू व्हायचं. कपाळ ठणकायचं, मळमळायचं, पाय लटपटायचे. दुपारी अंगणात कुऱ्हाड चालवताना म्हणे जरा बरं वाटायचं. टेम्पोच्या सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही. मावशीकडे राहायला गेली तेव्हा एकदाही दुखलं नाही. आमच्या आत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, यावरून निकाल लावून टाकला.

“वहिनी, कामाच्या दिवशी बरोबर दुखतं हो तुमचं डोकं! माहेरच्या माणसांत कसं ठणठणीत असतं?”

बाबा हसले. “नाटक कंपनी आहे आमच्याकडे. फक्त सकाळचा खेळ.”

आणि आईसुद्धा हसली. मला अजून राग येतो तो त्या हसण्याचा. पुढेपुढे तर तीच सांगायची, “माझंच काहीतरी असेल गं. मनावर घेते मी फार.” कपाळाला फडकं घट्ट बांधून पोळ्या लाटायची, आणि बाबा आत आले की फडकं काढून ओट्यामागे टाकायची. दुखणं लपवायचं, जसं काही चोरीच केली आहे.

मी बसच्या डेपोत तिकीट खिडकीवर होते. माझी पाळी भल्या पहाटेची, त्यामुळे बाबा टेम्पो कसा पेटवतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. पाळी बदलली आणि एका सकाळी मी घरी होते, तेव्हा बघितलं.

पिंप पेटवलं की लगेच चांगला वायू येत नाही. तोवर एक पंखा तो ओढून एका नळीतून बाहेर टाकतो. नळीच्या तोंडाशी काडी लावायची. ज्योत टिकली की वायू तयार झाला, मग तो इंजिनाकडे वळवायचा. काडी लावण्याचा दुसरा फायदा असा की बाहेर पडणारा विषारी वायू जळून जातो. सुरुवातीला म्हणे बाबा काडी लावायचे. नंतर शास्त्रज्ञांना काडीची गरज उरली नाही. “मला वासावरून कळतं,” म्हणायचे. बघायला कुणी आलं की डोळे मिटून नळीशी वास घ्यायचे, मान डोलवायचे, म्हणायचे, “आला!” लोक वाहवा करायचे. ती नळी उघडायची आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कारण बोळात टेम्पो तसाच लावता यायचा. खिडकीच्या आत आई.

त्या सकाळी हवा दमट होती आणि लाकडं पेट घेत नव्हती. पंखा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घरघरत राहिला. बाबा बाहेरून ओरडत होते, “ओली लाकडं दिलीस! एक काम धड होत नाही तुझ्याच्याने!” आतून उत्तर आलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याखाली पडलेली, तव्यावरची पोळी जळून कोळसा झालेली. मी तिला काखेत धरून अंगणात ओढत आणलं आणि किंचाळले.

बाबा धावत आले. बघितलं. आणि म्हणाले, “थांब, आत्ताच वायू धरलाय, यातूनच नेऊ या तिला.”

मी बापाला आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, पण परत घेतलेलीही नाही. शेजारचे शिक्षक गाडी काढून उभे होते, त्यांच्या गाडीतून आम्ही दवाखाना गाठला.

आईच्या तोंडावर ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “घरात काही धुमसत असतं का? शेगडी, कोळसा, जनरेटर?”

“छे,” बाबा म्हणाले. “तशी ती पहिल्यापासून नाजूकच आहे.”

सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले! मी सगळं सांगितलं, पिंप, पंखा, नळी, खिडकी. बाबा मध्ये मध्ये “अगं तसं नाही” करत होते. डॉक्टरीणबाईंनी हात करून त्यांना गप्प केलं. “कार्बन मोनॉक्साइड आहे हा. माणूस मरतो याने. तुम्हाला माहीत नव्हतं?”

माहीत नव्हतं? पेपरात छापून आलं होतं त्यांच्याच तोंडचं, फोटोखाली: ‘हा वायू घातक असल्याने मी नेहमी मोकळ्या जागेतच काम करतो.’ त्यांनी स्वतःपुरती मोकळी जागा बघितली होती.

आई शुद्धीवर आली, तोवर आत्याही येऊन तिला बघून बाहेर बसली होती. डॉक्टरीणबाईंनी आईला सावकाश समजावलं. सकाळी का दुखायचं, सुट्टीला का नाही, मावशीकडे का नाही. आई ऐकत राहिली. मला वाटलं ती घाबरेल, किंवा रडेल.

“म्हणजे दुखत होतं?” तिने विचारलं.

“दुखणारच ना, रक्तात विष जात होतं.”

“तसं नाही हो. खरंच दुखत होतं?”

“खरंच दुखत होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आई उठून बसली. गाल लाल झाले होते. तिचा राग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. “मग हे जरा बाहेर येऊन सांगा. माझे मिस्टर आहेत, नणंद आहे. मोठ्याने सांगा.”

आणि त्या बिचाऱ्या खरोखरच बाहेर गेल्या आणि सांगून आल्या. आत्या पदराशी चाळा करत बसली. बाबांनी घड्याळ बघितलं.

घरी आल्यावर बाबांनी नळी दुसऱ्या बाजूला वळवून घेतली. किती सोपं होतं ते! एक पाना, एक वाकडा तुकडा, चहा निवायच्या आत झालं. मग वखारीतून माल आला, अंगणात ओतला गेला.

“तुझी तब्येत सुधारली की बघ जरा,” बाबा म्हणाले. आवाजात माया होती, म्हणजे तशी ते दाखवत होते.

“सुधारली आहे,” आई म्हणाली आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली.

उठली नाही. बाबा दारात उभे राहून खाकरले, उगाच पिंपाचं झाकण आपटलं. आईने दोरा ओवला आणि मशीन चालवलं. शेवटी बाबांनी स्वतः कुऱ्हाड घेतली. मोठाले वेडेवाकडे तुकडे, पिंपात अडकले, टेम्पो चौकात बंद पडला. दुसऱ्या खेपेला त्यांची पाठ धरली. आत्या तेल घेऊन आली आणि म्हणाली, “दादाला फार काम पडतं गं.” मी काही बोलणार होते, पण मशीनचा आवाज आणखी वाढला, म्हणून राहू दिलं.

आईने आजारी पडण्याआधी फोडून, वाळवून रचलेली लाकडं कोपऱ्यात होती. त्यावर टेम्पो काही दिवस धावला. ती संपली आणि टेम्पो बोळात उभा राहिला तो कायमचा. लोक अजून विचारतात, शास्त्रज्ञ, काय बिघडलं? बाबा सांगतात, व्हॉल्व्ह गेले. व्हॉल्व्ह उत्तम आहेत. त्या टेम्पोत काहीसुद्धा बिघडलेलं नाही.